रीबूटनंतर दोन डेटाबेस उघडत नाहीत, तिसरा उघडतो. लाईनीनं घात केला का?

काटापट्टी – सोमवार, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. लय दिवसांनी लिहून राह्यलो, अन् तेही अडचणीत.

दर्यापूरकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशोब पाहतो. ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. विंडोज १०, एसक्यूएल सर्व्हर २०१७ एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम, फुकटची आवृत्ती). वजनकाटा, काटापावत्या, शेतकऱ्यांचे चुकारे, सगळं त्याच्यावर. डेटाबेस तीन: 'चालू' म्हणजे या हंगामाचा, 'जुना' म्हणजे गेल्या हंगामाचा, आणि 'पगार'. फायलींची नावं इंग्रजीत आहेत, तिन्ही डी ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये.

शनिवारी संध्याकाळी लाईन गेली. यूपीएसनं दहा मिनिटं दम धरला अन् मान टाकली. रविवारी सुट्टी. आज सकाळी मशीन चालू केली तर एसक्यूएलची सर्व्हिस व्यवस्थित चालू दाखवते, पण 'चालू' आणि 'जुना' या दोघांसमोर 'रिकव्हरी पेंडिंग' लिहिलेलं. 'पगार' मात्र झकास उघडतो. दोनदा रीबूट केलं, तेच.

बाहेर अकरा गाड्या कापूस घेऊन उभ्या आहेत. पावत्या हातानं फाडून राह्यलो. काय करू?

तर्रीपोहे – सकाळी ८:२०

म्हणजे शेठनं ज्यायले पैसे द्याचे थे दिसून राह्यले, अन् माल कोणाचा आला थे दिसत नाई. असा डेटाबेस शेठलोकायले आवडत नाई भाऊ.

निंबाची_सावली – सकाळी ८:२६

यूपीएसची बॅटरी किती जुनी? आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो, त्यात दोन वर्षांत बॅटरी वाळून जाते. आणि अर्थिंग तपासा. आमच्या ऑफिसात न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज येत होतं. मीठ-कोळसा टाकून नवा खड्डा केला, तेव्हा मशीन शांत झाली.

दादाजी_का_ठोकळा – सकाळी ८:३१

सोप्पं आहे. दोन्ही डेटाबेस डिटॅच करा, म्हणजे सर्व्हरपासून सोडवा, परत अटॅच करा. मी नेहमी करतो.

डाटावाला_वणीचा – सकाळी ८:३३

थांबा!! काटापट्टी भाऊ, डिटॅच करू नका. वाचताय ना? हात लावू नका.

डेटाबेस बिघडलेल्या अवस्थेत डिटॅच झाला तर पुन्हा अटॅच होईलच याची खात्री नसते. आता निदान सर्व्हरला तो डेटाबेस माहीत तरी आहे. आणि कोणी 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' चालवायला सांगितलं तर त्याला पाणी पाजून परत पाठवा. त्या कमांडच्या नावातच लिहिलंय की डेटा जाऊ शकतो.

'रिकव्हरी पेंडिंग' आणि 'सस्पेक्ट' यांत फरक आहे. सस्पेक्ट म्हणजे सर्व्हरनं रिकव्हरी सुरू केली आणि मध्येच ती फसली. पेंडिंग म्हणजे सुरूच करता आली नाही: फाइल सापडली नाही, परवानगी नाही, जागा नाही, असं काहीतरी. तुमचं पेंडिंग आहे, म्हणजे बहुतेक डेटा शाबूत आहे आणि दाराला कडी लागलीय.

कडी कोणती ते एररलॉगमध्ये लिहिलेलं असतं. एसक्यूएलच्या फोल्डरमध्ये 'लॉग' म्हणून फोल्डर आहे, त्यात 'एररलॉग' नावाची फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, 'चालू' डेटाबेसचं नाव शोधा आणि त्याच्या आजूबाजूचे एरर नंबर इथं टाका.

दादाजी_का_ठोकळा – सकाळी ८:४०

माझं तर दरवेळी चालतं बुवा.

डाटावाला_वणीचा – सकाळी ८:४१

चांगल्या डेटाबेसवर चालतं. धडधाकट माणूस दवाखान्यात जाऊन परत येतोच की.

काटापट्टी – सकाळी ९:०५

धन्यवाद वणीकर. डिटॅच केलं नाही, देव पावला. एररलॉगमध्ये 'चालू'साठी ५११८ दिसते. 'जुना'साठीही ५११८. मजकूर इंग्रजीत आहे. मला समजलं ते असं: फाइल कॉम्प्रेस्ड आहे, पण रीड-ओन्ली डेटाबेसमधली नाही, ती डीकॉम्प्रेस करा.

पण मी तर काही कॉम्प्रेस केलं नाही?

शेगावची_कचोरी – सकाळी ९:०९

"मी तर काही केलं नाही" हे वाक्य माझ्या वडलांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फ्रेम करून लावलंय.

डाटावाला_वणीचा – सकाळी ९:१५

५११८ असेल तर गोष्ट सोपी आहे. डी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरचा स्क्रीनशॉट टाका. फाइलीच्या चिन्हावर कोपऱ्यात दोन छोटे निळे बाण एकमेकांकडे तोंड करून दिसतात का पाहा. जुन्या विंडोजमध्ये फाइलीचं नावच निळं व्हायचं.

काटापट्टी – सकाळी ९:२८

स्क्रीनशॉट टाकलाय. 'चालू'च्या दोन्ही फाइली आणि 'जुना'च्या दोन्ही, चारींवर निळे बाण आहेत. 'पगार'वर नाहीत.

मी हे बाण पाहिले होते. मला वाटलं अँटिव्हायरसचं काहीतरी असेल.

ऊन_४७ – सकाळी ९:३५

निळे बाण म्हणजे एनटीएफएसचं (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) कॉम्प्रेशन. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली एक चौकोन असतो, "जागा वाचवण्यासाठी हा ड्राइव्ह कॉम्प्रेस करा". तो टिक केला की विंडोज सगळ्या फाइली एकामागून एक दाबत जातं. कोणीतरी टिक केलंय. तुमच्या ऑफिसात कोणी भाचा-पुतण्या येतो का?

पण मला एक कळलं नाही. एसक्यूएल चालू असताना त्याची फाइल दुसरा प्रोग्राम दाबू शकत नाही, "फाइल वापरात आहे" म्हणून सांगतो. मग दाबली कशी? आणि चारच का दाबल्या, सहा का नाही?

काटापट्टी – सकाळी ९:५८

भाऊ, आता सांगतो. भाच्याचं नाव घ्यायचा विचार आला होता मनात, पण खरं सांगतो.

आमचं सॉफ्टवेअर ज्यानं बसवलं त्या माणसानं शिकवलं होतं की दर शनिवारी एसक्यूएलची सर्व्हिस बंद करायची, फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करायच्या, सर्व्हिस चालू करायची. हाच आमचा बॅकअप. तीन वर्षं करून राह्यलो. या शनिवारी 'चालू'ची फाइल पेन ड्राइव्हवर जाईना. म्हणे फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यात २० जीबी रिकामे. फाइल ५.६ जीबी. मला काही समजेना.

मग मला तो चौकोन दिसला. वाटलं, दाबून लहान केली तर मावेल. टिक केलं. सर्व्हिस तर बंदच होती. हिरवी पट्टी चालू होती, अर्ध्यावर गेली अन् लाईन गेली.

तर्रीपोहे – सकाळी १०:०१

बाप्पा! जिनिंगवाल्याले दाबायची सवयच असते. दिसलं की दाबा, गाठ बांधा, १७० किलो, पुढे पाठवा.

शेगावची_कचोरी – सकाळी १०:०३

😂😂 आज तुमचं नाव बदलून 'प्रेसिंग फॅक्टरी' ठेवा.

ऊन_४७ – सकाळी १०:१०

हसू नका लेकहो, माणसानं खरं सांगितलं. अन् आता सगळं जुळलं. विंडोज नावाच्या क्रमानं जातं. इंग्रजीत 'चालू' सी वरून, 'जुना' जे वरून, 'पगार' पी वरून. सी झालं, जे झालं, पी यायच्या आधी लाईन गेली. म्हणजे ज्या लाईनीला सकाळपासून शिव्या पडून राह्यल्या, तिनंच पगारचा डेटाबेस वाचवला.

निंबाची_सावली – सकाळी १०:१२

तरी अर्थिंग तपासाच.

डाटावाला_वणीचा – सकाळी १०:४०

आता दोन गोष्टी. आधी पेन ड्राइव्हची, मग इलाजाची.

पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही, पेन ड्राइव्ह कितीही मोठा असो. हंगाम चढला, तुमची फाइल ४ च्या वर गेली, म्हणून या शनिवारी अडली. आणि कॉम्प्रेस करूनही ती मावली नसती. एनटीएफएस फाइलीला फक्त स्वतःच्या डिस्कवर कमी जागेत ठेवते. बाहेर कॉपी करताना ती पुन्हा पूर्ण आकाराची होते. पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला असता तर काम झालं असतं.

इलाज, क्रमानं:

सर्व्हिस बंद करा. आधी त्या चारही फाइली जशा आहेत तशा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. यात आळस नको. मग डी ड्राइव्हवर जागा किती आहे पाहा, कारण फाइल मोकळी झाली की पूर्ण ५.६ जीबी जागा घेईल. जागा असेल तर ॲडमिनचा कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि कॉम्पॅक्ट, मग जागा सोडून स्लॅश यू, मग फाइलीचं नाव. इथं सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत. चारही फाइलींना. फोल्डरवरची टिकही काढा, नाहीतर उद्या तिथं तयार होणारी प्रत्येक नवी फाइल दाबलेलीच जन्माला येईल. मग सर्व्हिस चालू.

डेटाबेस उघडले की गाड्या आत घ्यायच्या आधी डेटाबेस तपासणारी 'डीबीसीसी चेकडीबी' कमांड चालवा, दोन्हीवर. 'जुना'वर लक्ष ठेवून, कारण दाबणं चालू असताना करंट गेला.

काटापट्टी – सकाळी १०:४६

डी वर ७ जीबी रिकामे आहेत. बाहेरची डिस्क नाही आमच्याकडे.

केळीची_वाट – सकाळी १०:५२

मी अंजनगाव सुर्जीत. १ टीबीची डिस्क आहे, एनटीएफएस. दुपारी दर्यापूरला येऊनच राह्यलो, देतो. बदल्यात सरकीच्या ढेपेचा भाव सांगा, म्हशीला पाह्यजे.

काटापट्टी – सकाळी १०:५५

भाऊ, उपकार झाले. ढेपेचं मी पाहतो.

पुण्यातला_वऱ्हाडी – सकाळी ११:३०

वाचून मजा आली, पण एका गोष्टीवर वाद घालतो. सगळे "कॉम्प्रेशन वाईट" म्हणून राह्यले, ते बरोबर नाही. आम्ही पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) झेडएफएसवर (एनटीएफएससारखीच फाइली ठेवायची पद्धत) चालवतो, तिचं एलझेड४ कॉम्प्रेशन लावून, वर्षानुवर्षं. जागा वाचते, वाचनही बऱ्याचदा जलद होतं, कारण डिस्कवरून कमी डेटा उचलावा लागतो.

आमच्याकडेही रीबूटनंतर डेटाबेस उठला नाही असं एकदा झालं, पण कारण वेगळं होतं. मशीन उठली, झेडएफएसचा पूल, म्हणजे डिस्कांचा संच, यायला वेळ लागला, आणि पोस्टग्रेस आधीच धावत सुटला. त्याला डेटाच्या जागी रिकामं फोल्डर दिसलं. नशीब की त्यानं तिथं नवा संसार थाटला नाही, नुसता रुसून बंद पडला. मग लिनक्समध्ये सर्व्हिसा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये त्या सर्व्हिसला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' लिहून दिलं, म्हणजे डिस्क लागल्याशिवाय उठायचं नाही.

डाटावाला_वणीचा – सकाळी ११:४८

पुणेकर, तुमचं म्हणणं मान्य, पण झेडएफएस आणि एनटीएफएस यांची गाठ एकच नाही. झेडएफएस जुन्या जागेवर कधी लिहीतच नाही, नव्या जागी लिहून मग खूण बदलतं. करंट गेला तर जुनं शाबूत.

एनटीएफएस कॉम्प्रेशन फाइलीचे ६४ केबीचे तुकडे करून दाबतं. एसक्यूएल सर्व्हरचं पान, म्हणजे तो डेटा ज्या तुकड्यांत ठेवतो तो एक तुकडा, ८ केबीचं. म्हणजे एका शेतकऱ्याचं वजन बदललं, ८ केबीचं एक पान बदललं, की अख्खा ६४ केबीचा तुकडा सोडवून, बदलून, पुन्हा दाबून लिहायचा. रिकव्हरीचं सगळं गणित "मी सांगितलेलं पान सांगितलेल्या सेक्टरवर, सांगितलेल्या क्रमानं गेलं" या भरवशावर उभं आहे. दाबलेल्या फाइलीत तो भरवसा राहत नाही. म्हणून सर्व्हर उघडायलाच नकार देतो. रीड-ओन्ली डेटाबेस असेल तर चालवून घेतो, कारण तिथं लिहायचंच नसतं.

फाइल उघडायच्या वेळी तो हे तपासतो. म्हणून लोकांना वाटतं रीबूटनं बिघडवलं.

तर्रीपोहे – सकाळी ११:५५

म्हंजे असं पाहा. गाठ बांधलेल्या रुईतून मूठभर रुई बदलाची असंन तर आखी गाठ सोडा लागते. गोदामात नुसती ठेवाची असंन तर राहू दे बांधलेली.

डाटावाला_वणीचा – सकाळी ११:५७

हे मी दोन परिच्छेदांत सांगितलं, तुम्ही दोन ओळींत.

पुण्यातला_वऱ्हाडी – दुपारी १२:०२

हो, हा फरक मान्य. माघार.

पतसंस्थेची_पायरी – दुपारी १२:३०

दाबण्याचा अजून एक प्रकार आहे, तो आमच्या अंगलट आला होता. तो फाइलीचा नाही, एसक्यूएलच्या आतला: टेबलाला 'पेज कॉम्प्रेशन' लावायचा. हा अधिकृत आहे, डेटाबेस त्यात सुखानं चालतो.

आमच्या पतसंस्थेत एकानं एसक्यूएल सर्व्हरचं १८० दिवसांचं इव्हॅल्युएशन (चाचणीची आवृत्ती) बसवून दिलं होतं. त्यात एंटरप्राइझ या सगळ्यात मोठ्या आवृत्तीची सगळी सोय असते. त्यानं मोठ्या टेबलांना पेज कॉम्प्रेशन लावलं. मुदत संपायला आल्यावर आम्ही स्टँडर्ड २०१४ विकत घेतलं, नव्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर केला. १०० टक्के झालं, आम्ही चहा मागवला, आणि मग सर्व्हर म्हणतो की या आवृत्तीत हा डेटाबेस सुरूच होऊ शकत नाही, एरर ९०९. तेव्हा कॉम्प्रेशन फक्त एंटरप्राइझमध्ये चालायचं. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ते सगळ्या आवृत्त्यांत आलं.

जुन्या मशीनवर परत जाऊन सगळी टेबलं सोडवली, नवा बॅकअप घेतला, रात्री दोनला घरी गेलो. मॅनेजर साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चहाचे पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे?"

शेगावची_कचोरी – दुपारी १२:३४

बरं, काटापट्टी भाऊ, मशीनच्या आतला पंखा कधी साफ केला? जिनिंगमधल्या एका मशीनमधून मी रुईची अख्खी वात काढली आहे. समई लावता आली असती.

काटापट्टी – दुपारी १२:४०

गेल्या दसऱ्याला. पूजा करताना.

काटापट्टी – दुपारी ४:२०

मंडळी, उघडले!! दोन्ही.

अंजनगावचे भाऊ स्वतः डिस्क घेऊन जिनिंगवर आले. फाइली कॉपी केल्या, मग वणीकरांनी सांगितलं तसं एक-एक करून सोडवल्या. 'चालू'ला बारा मिनिटं लागली. सर्व्हिस चालू केली अन् दोन्ही डेटाबेस हिरवे. शेठजी मागे उभे होते, त्यांनी नुसतं "हं" केलं. आमच्याकडे याचा अर्थ शाबासकी.

चेकडीबी दोन्हीवर चालवलं, शेवटी शून्य चुका म्हणून लिहिलं. शनिवारची शेवटची काटापावती रजिस्टरशी पडताळली, क्विंटल-किलोसकट जुळली. आता सकाळच्या हातपावत्या चढवून राह्यलो.

केळीची_वाट – दुपारी ४:३२

ढेप मिळाली. तर्रीपोहेही खाऊ घातले. या धाग्यात माझाच फायदा जास्त झाला.

डाटावाला_वणीचा – संध्याकाळी ५:१०

झकास. आता तो शनिवारचा प्रकार बंद करा. सर्व्हिस बंद करून फाइल कॉपी करणं म्हणजे शेळी विकायला नेताना गोठाही उचलून नेणं. एसक्यूएलला सरळ 'बॅकअप डेटाबेस' सांगा, सोबत चुका पकडणारा 'चेकसम' लावा. डेटाबेस चालू असतानाच .बॅक फाइल तयार होते. एक्स्प्रेसमध्ये कॉम्प्रेस्ड बॅकअप घेता येत नाही, आणि वेळेवर काम चालवणारा एजंटही नसतो. म्हणून विंडोजचा टास्क शेड्युलर वापरा, एसक्यूएलसीएमडी या कमांडनं बॅकअप, मग ती .बॅक फाइल सेव्हन-झिपनं खुशाल दाबा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा.

आणि तुमच्या २०१७ एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटाला १० जीबीची हद्द आहे. ५.६ झालेत, हंगाम अजून बाकी आहे.

ऊन_४७ – संध्याकाळी ५:२५

पुढच्या वेळी डी ड्राइव्ह फॉरमॅट कराल तेव्हा क्लस्टर (डिस्कवर जागा वाटायचा सगळ्यात लहान तुकडा) ६४ केबी ठेवा. एसक्यूएलसाठी तेच सुचवतात, आणि ४ केबीच्या वर क्लस्टर असला की एनटीएफएस कॉम्प्रेशन लागतच नाही. तो चौकोन टिक करायची सोयच राहणार नाही.

काटापट्टी – संध्याकाळी ५:३१

मग तर उद्याच करतो. 😄

डाटावाला_वणीचा – संध्याकाळी ५:३२

उद्या नाही!! हंगाम संपल्यावर!!

दादाजी_का_ठोकळा – संध्याकाळी ६:१५

आता घाम फुटला. माझ्याही मशीनवर डी ड्राइव्हला निळे बाण दिसून राह्यले. डेटाबेस चालू आहे. रीबूट करू की नको? डिटॅच करून पाहू का?

डाटावाला_वणीचा – संध्याकाळी ६:१७

कशावर आहेत बाण? .एमडीएफ, .एलडीएफवर, म्हणजे डेटाबेसच्या मूळ फाइलींवर?

दादाजी_का_ठोकळा – संध्याकाळी ६:२४

नाही, 'बॅकअप' फोल्डरमधल्या गेल्या वर्षीच्या .बॅक फाइलींवर.

डाटावाला_वणीचा – संध्याकाळी ६:२५

मग राहू द्या. जेवा.